अर्जाला नंबर मिळाला पाहिजे

या महिन्याच्या पत्रांमध्ये एकच तक्रार पुन्हा पुन्हा दिसली : सरकारी कामं ऑनलाइन का नेली? मी महसूल खात्यात लिपिक म्हणून लागले आणि ३३ वर्षांनी नायब तहसीलदार म्हणून निवृत्त झाले. सगळी नोकरी नाशिक जिल्ह्यातच झाली. त्यामुळे या प्रश्नाला मी खिडकीच्या आतल्या बाजूनं उत्तर देऊ शकते. पहिल्या पत्राचं उत्तर लांबलं आहे, ते लांबायलाच हवं होतं.

प्रश्न : मी पंचवटीत राहतो, निवृत्त शिक्षक आहे, वय ७४. पूर्वी दाखला हवा असला की सीबीएस बसस्थानकावर उतरायचं, कचेरीत जायचं, ओळखीच्या माणसाला भेटायचं, काम व्हायचं. आता नातीच्या उत्पन्नाच्या दाखल्यासाठी पासवर्ड, ओटीपी, ठरावीक मापाचा फोटो. माणूस कुठे दिसतच नाही. हे सरकारनं लोकांसाठी केलं, की कर्मचारी कमी करण्यासाठी?

उत्तर : गुरुजी, तुमच्या पत्रातले दोन शब्द मी थांबून वाचले : ‘ओळखीच्या माणसाला’. ज्याची ओळख नसायची त्याचं काय व्हायचं, ते मी पाहिलेलं आहे.

नोकरीच्या सुरुवातीला एका तालुक्याच्या कचेरीत मला बारनिशी दिली होती. बारनिशी म्हणजे आलेला प्रत्येक कागद जिथे आधी उतरतो ते टेबल. कागदावर आवक शिक्का मारायचा, तारीख टाकायची, नोंदवहीतला क्रमांक घालायचा आणि ज्या संकलनाचा, म्हणजे ज्या विषयाच्या टेबलाचा असेल त्या लिपिकाकडे पाठवायचा. महिनाअखेरीस प्रत्येक लिपिक गोषवारा काढी : आले किती, निकाली किती, शिल्लक किती. शिल्लक वाढली की तपासणीत शेरा येई. त्यामुळे जुन्या माणसांनी मला पहिल्याच आठवड्यात शिकवलं, “आलेला कागद लगेच चढवू नकोस. आधी ठेवून घे.” ज्या कागदाला नंबरच नाही, तो शिल्लक राहतच नाही. तो ड्रॉवरमध्ये असतो, हिशेबात नसतो.

डोंगराकडच्या एका पाड्यावरचे आजोबा फेरफाराच्या, म्हणजे जमिनीच्या हक्कातल्या बदलाच्या नोंदीच्या, नकलेसाठी यायचे. पहाटेची एसटी धरून यायचे, दुपारच्या गाडीनं परत. पाचव्या खेपेला ते माझ्या टेबलासमोर उभे राहिले आणि म्हणाले, “बाई, माझा कागद इथं आलाच नाही म्हणतात. मग मी दिला कुणाला?” तो कागद त्यांनी माझ्याच हातात दिला होता. मी ड्रॉवर उघडला, शिक्का मारला, नंबर घातला. आठव्या दिवशी त्यांना नक्कल मिळाली. आधीच्या चार खेपांचं एसटी भाडं आणि बुडालेली मजुरी माझ्या नावावर आहे असंच मी आजही मानते.

म्हणून मला विचाराल, तर ऑनलाइनचं पहिलं कारण हे : अर्जाला क्रमांक आणि तारीख देण्याचा अधिकार टेबलावरच्या माणसाकडून काढून घेणं. तुमच्या नातीनं अर्ज भरून शुल्क भरलं की त्या क्षणी क्रमांक पडतो. तो द्यायचा की नाही हे कुणी ठरवत नाही, आणि तहसीलदारांना तो अर्ज जितका दिसतो तितकाच तिलाही दिसतो.

याला कायद्याचीही जोड मिळाली. २०१५ साली महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम आला. प्रत्येक सेवेला दिवस ठरले, उत्पन्नाच्या दाखल्याला १५. कलम ५ सांगतं की अर्जाची पोच दिलीच पाहिजे आणि तिच्यावर तारीख, क्रमांक व किती दिवसांत काम होईल हे लिहिलेलं पाहिजे. मुदत टळली किंवा अर्ज फेटाळला, तर ३० दिवसांत पहिलं अपील, मग दुसरं, मग राज्य सेवा हक्क आयोग. सबळ कारण नसताना सेवा न देणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये शास्ती. आता विचार करा, माझ्या त्या ड्रॉवरच्या काळात हा कायदा आला असता तर? दिवस मोजायचे कुठून? अर्ज आलाच नाही म्हटलं की कायदा तिथेच संपला. मुदतीचा कायदा चालायचा तर तारीख कुणाला लपवता येता कामा नये, आणि ते कागदाच्या वहीत जमत नव्हतं.

दुसरं कारण जमिनीचं. खरेदीखत दुय्यम निबंधकाकडे नोंदलं जाई आणि सातबारा तलाठ्याकडे. दोन्ही सरकारचीच दप्तरं, पण दोघांमधला हमाल शेतकरी. सूची क्रमांक दोनची, म्हणजे नोंदलेल्या दस्ताच्या गोषवाऱ्याची, प्रत घेऊन तो तलाठी भाऊसाहेबांना गाठायचा. जमीन महसूल अधिनियम १९६६ चा आहे. निबंधकानं व्यवहाराची खबर महसूलला द्यावी हे त्याच्या कलम १५४ मध्ये आधीपासून लिहिलेलं आहे. पण ती खबर टपालानं, याद्यांच्या गठ्ठ्यातून यायची. तोवर उताऱ्यावर विकणाऱ्याचंच नाव. त्या मधल्या काळात तीच जमीन दुसऱ्याला दाखवून पैसे उचललेले, तिच्यावर कर्ज काढलेलं, असे वाद मी कितीतरी पाहिले. आता दस्त नोंदला की माहिती ई-फेरफार या महसूलच्या संगणक प्रणालीत जाते, नोटीस निघते, हरकतीसाठी १५ दिवस जातात आणि मंडळ अधिकारी नोंद मंजूर किंवा नामंजूर करतात. मधे कुणी प्रत घेऊन पळावं लागत नाही.

उताऱ्याचंही तसंच. एका तलाठ्याकडे दोन-तीन गावं असत, आणि दप्तर त्याच्या पिशवीत. पेरणीच्या तोंडावर पीककर्जासाठी सगळ्यांना एकदम उतारा लागे, आणि भाऊसाहेब आज कोणत्या गावात आहेत हे कुणालाच ठाऊक नसे. आज उतारा फुकट पाहता येतो, आणि डिजिटल सहीची प्रत १५ रुपयांत निघते. तिच्यावर वेगळा सही-शिक्का लागत नाही. खालच्या १६ अंकी क्रमांकावरून ती खरी आहे की नाही हे बँक स्वतः तपासू शकते.

पैशाचा भाग थोडक्यात सांगते. देशातलं पहिलं आधार २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच नाशिक विभागात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत दिलं गेलं. अनुदान मधल्या हातांतून न जाता थेट खात्यात पडावं हा हेतू होता, आणि २०१३ पासून थेट लाभ हस्तांतरण सुरू झालं. ते सगळीकडे सुरळीत आहे असं मी म्हणणार नाही. पण शिष्यवृत्तीचे पैसे येऊनही ‘अजून आले नाहीत’ असं सांगून कुणाला आता चार महिने रखडवता येत नाही, कारण बँकेच्या पासबुकात तारीख दिसते.

आता तुमचा खरा सवाल, कर्मचारी कमी करण्याचा. कचेऱ्यांत रिकाम्या खुर्च्या आहेत आणि ऑनलाइनमुळे त्या झाकल्या जातात, हे मला मान्य आहे. आधी आमच्यावर असलेलं अर्ज तपासण्याचं, कागद लावून घेण्याचं काम आता ऑनलाइन अर्ज भरून देणारी सेवा केंद्रं चालवणाऱ्या मुलांवर आणि खुद्द अर्जदारावर पडलं आहे. तरी सुरुवात खुर्च्या वाचवायला झाली असं मला वाटत नाही. आमच्या पहिल्या संगणकाशेजारी दोन वर्षं हातवहीसुद्धा चालत होती. काम दुप्पट होतं.

आणि तुम्ही म्हणता तो माणूस दिसायला हवाच. प्रत्येक कचेरीत अर्ज भरून देणारी मदतीची खिडकी हवी, आणि तिथला माणूस बसलेला हवा. ही मागणी तुमच्यासारख्या शिक्षकानं लेखी करावी. जिल्हाधिकाऱ्यांच्या नावानं अर्ज लिहा आणि बारनिशीत देऊन पोच घ्या.

प्रश्न : माझे वडील नाशिकरोडच्या सिक्युरिटी प्रेसमध्ये ३० वर्षं होते. रोज गेटवर झडती देऊन बाहेर यायचे. तिथे छापलेल्या मुद्रांकाच्या कागदाला देशभर मान होता. परवा घराच्या करारनाम्याचं शुल्क मी मोबाइलवरून भरलं आणि हातात आलं साधं चलन. वडिलांना ते पाहून फार लागलं. तो कागद का नको झाला?

उत्तर : दादा, वडिलांना सांगा की कागदात खोट नव्हती. अडचण अशी झाली की कागद हातात घेऊन खरा-खोटा ओळखणं सामान्य माणसाला जमत नव्हतं. २००१ मध्ये अब्दुल करीम तेलगीला अटक झाली आणि बनावट मुद्रांकांचा पसारा देशासमोर आला. ज्यांनी ते मुद्रांक घेतले त्यांत बँका होत्या, विमा कंपन्या होत्या. त्यांच्या वकिलांनाही फरक कळला नाही, तर वायदेपत्र करायला आलेल्या शेतकऱ्याला कुठून कळावा? माझ्याकडे प्रतिज्ञापत्रं यायची तेव्हा मीसुद्धा जलचिन्ह उजेडात धरून पाहायची. तेवढ्यानं काय होणार!

कागद कितीही भारी छापला तरी नक्कल करणारा त्याच्या मागे येतो. म्हणून विश्वास कागदावरून सरकारी खतावणीत हलवला गेला. तुम्ही शुल्क भरलंत ती ‘ग्रास’ म्हणजे शासकीय जमा लेखा प्रणाली. चलनावरच्या क्रमांकाला मोल आहे. चलन हरवलं तरी रक्कम सरकारच्या हिशेबात जमा दिसते. दस्त नोंदताना दुय्यम निबंधक ते चलन डिफेस करतात, म्हणजे वापरलं गेलं अशी कायमची खूण करतात. एकदा डिफेस झालेलं चलन दुसऱ्या दस्ताला लावता येत नाही. जुना मुद्रांक मात्र मागच्या तारखेला विकल्याच्या तक्रारी सर्रास असत.

वडिलांना आणखी एक सांगा. ज्या प्रेसमध्ये त्यांची ३० वर्षं गेली तिथेच आज चिप बसवलेले पासपोर्ट तयार होतात.

प्रश्न : मी सुरगाणा तालुक्यातल्या एका पाड्यावर राहते. नर्सिंगला जायचंय. जातीच्या दाखल्यासाठी तीनदा केंद्रावर गेले. एकदा सर्व्हर बंद, एकदा रेंज नाही, तिसऱ्यांदा त्यांनी ३०० रुपये घेतले, पावती नाही. ऑनलाइन शहरातल्यांसाठी आहे का?

उत्तर : मुली, तुझं पत्र वाचून मला ते आजोबा पुन्हा आठवले. पावती न देणारं केंद्र आणि नंबर न देणारी मी, दोन्ही एकच. ड्रॉवर फक्त कचेरीतून केंद्रात आला, एवढाच फरक. म्हणून तुझी तक्रार मी सर्वांत गंभीर धरते.

आधी अर्ज खरंच भरला गेलाय का ते बघ. भरला असेल तर क्रमांक असतो आणि नोंदवलेल्या मोबाइलवर संदेश येतो. बऱ्याच केंद्रांवर अर्जदाराऐवजी केंद्रचालक आपलाच नंबर टाकतो; तसं झालं असेल तर अर्ज कुठवर गेला हे तुला कधी कळणारच नाही. तुझा किंवा घरातला चालू नंबर टाकून घे. केंद्रात दराचा फलक लावणं सक्तीचं आहे. त्याचा मोबाइलवर फोटो काढ आणि तारीख, वेळ, घेतलेली रक्कम लिहून तहसीलदारांकडे आणि जिल्हा सेतू समितीकडे तक्रार दे. समितीचे प्रमुख जिल्हाधिकारी असतात. एकटी जाऊ नकोस. त्याच केंद्रावर पैसे दिलेल्या आणखी दोघी-तिघींच्या सह्या घे.

जातीच्या दाखल्याला पुरावा कोणता, हेही केंद्रावर नीट सांगत नाहीत. अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा पुरावा पाहतात. आजोबा-पणजोबा शाळेत गेलेच नसतील तर लोक हताश होतात. अशा वेळी तहसीलच्या अभिलेख कक्षात कोतवाल बुकाची, म्हणजे गाव नमुना १४ ची नक्कल माग. जन्म-मृत्यूच्या त्या जुन्या नोंदींत जात लिहिलेली असे. मी हे रुमालात बांधलेले गठ्ठे हाताळले आहेत. तुमच्याकडच्या पावसानं ओल धरलेली, कडा झडलेली पानं असत. एक पान फाटलं की एका घराचा पुरावा गेला. जुनी दप्तरं स्कॅन करण्याचं काम निघालं त्याचं हेच कारण आहे, आणि माझ्या मते ऑनलाइनच्या सगळ्या कामांत ते सर्वांत पुण्याचं.

सर्व्हरचं दुखणं जूनमध्ये वाढतं, कारण दहावी-बारावीच्या निकालानंतर सगळं राज्य एकदम अर्ज भरतं. उत्पन्नाचा दाखला आर्थिक वर्षाला बांधलेला असल्यामुळे तो एप्रिलनंतरच काढावा लागतो. पण जातीचा आणि अधिवासाचा दाखला डिसेंबर-जानेवारीतच काढून ठेवता येतो. तुझ्या धाकट्या भावंडांसाठी एवढं कर. रेंजसाठी मुलींनी टेकडीवर चढावं हे मात्र मला मंजूर नाही. जिथे रेंज नाही तिथे महिन्यातून ठरलेल्या दिवशी कचेरीनं शिबिर घेऊन गावात आलं पाहिजे. मी नोकरीत असताना अशी शिबिरं घेतली आहेत; एका दिवसात दीडशे अर्ज होतात.

प्रश्न : निफाड तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे. हस्तलिखित सातबाऱ्यावर क्षेत्र १ हेक्टर २० आर होतं, संगणकावर १ हेक्टर २ आर आलं. बँक कर्ज कमी देते. चूक त्यांची, खेटे आमचे.

उत्तर : भाऊ, लाखो उतारे हातवहीतून संगणकात चढवताना अशा चुका झाल्या. चावडी वाचनाच्या, म्हणजे गावात सगळ्यांसमोर उतारे वाचून दाखवण्याच्या, मोहिमा त्यासाठीच घेतल्या होत्या, पण त्या दिवशी बरेचजण बागेत छाटणीवर होते, वाचन ऐकायला कुणी आलं नाही. जमीन महसूल अधिनियमाच्या कलम १५५ खाली तहसीलदार असा लेखनप्रमाद, म्हणजे लिहिण्यातली चूक, दुरुस्त करू शकतात. जुन्या हस्तलिखित उताऱ्याची प्रमाणित प्रत, ज्या फेरफारानं जमीन तुमच्याकडे आली त्याची नक्कल आणि आठ-अ, म्हणजे तुमच्या खात्यावरच्या सगळ्या जमिनीचा उतारा, जोडा. अर्जात ‘क्षेत्र चुकले आहे’ एवढंच लिहू नका. जुना आकडा, नवा आकडा आणि गट क्रमांक स्पष्ट लिहा. वाटणी किंवा विक्रीवरून क्षेत्राचा वाद असेल, तर तो लेखनप्रमाद होत नाही, प्रांताकडे (उपविभागीय अधिकाऱ्याकडे) अपिलात जावं लागतं. तुमच्या पत्रावरून तुमची चूक साधी टंकाचीच दिसते. आणि कुटुंबातल्या प्रत्येक गटाचा उतारा आजच फुकट उघडून पाहा. कर्जाच्या दिवशी चूक सापडली की हंगाम हातचा जातो.

प्रश्न : सिन्नरला माझी ८१ वर्षांची आई विडी कामगार होती. आयुष्यभर पानं कापून, तंबाखू भरून तिच्या बोटांवरच्या रेषा झिजल्या. पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायला गेलं की मशीन अंगठा घेत नाही. रेशनवरही तसंच. ती म्हणते, “मी जिवंत आहे हे समोर बसून सांगते तरी मशीनला पटत नाही.”

उत्तर : ताई, आईचं वाक्य मी वहीत लिहून घेतलं. हीच गत आमच्याकडे द्राक्षाची विरळणी करणाऱ्या बायांची आणि गवंडीकाम करणाऱ्यांची. ज्यांनी हातानं काम केलं त्यांचीच बोटं मशीन नाकारतं. ही यंत्रणा आखणाऱ्यांनी आधी या बायांची बोटं पाहायला हवी होती.

आता उपाय. हयातीचा डिजिटल दाखला म्हणजे जीवन प्रमाण. त्यात २०२१ पासून चेहऱ्यावरून ओळख पटवता येते. साध्या अँड्रॉइड मोबाइलवर जीवन प्रमाण आणि आधारचं चेहरा ओळखणारं अ‍ॅप घ्या. आईला दाराकडे तोंड करून बसवा, उजेड समोरून पडू द्या, चष्मा काढा, डोक्यावरचा पदर थोडा मागे घ्या आणि डोळ्यांची उघडझाप करायला सांगा. पेन्शनचा पीपीओ (पेन्शन मंजुरीच्या आदेशाचा) क्रमांक आणि बँक खातं हाताशी ठेवा. तरी जमलं नाही, तर पोस्टात कळवा. पोस्ट पेमेंट्स बँकेमार्फत पोस्टमन घरी येऊन दाखला करून देतो. दाखला झाला की त्याचा प्रमाण क्रमांक येतो. तो आईच्या पासबुकाच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

रेशन दुकानात अंगठा नाही उठला तर डोळ्याच्या बुबुळावरून किंवा मोबाइलवर येणाऱ्या ओटीपीवरून धान्य देण्याची सोय आहे. दुकानदार नाही म्हणाला, तर तालुक्याच्या पुरवठा निरीक्षकाला लेखी द्या. आणि आईचे आधारमधले ठसे व मोबाइल नंबर एकदा आधार केंद्रात जाऊन ताजे करून घ्या. सकाळी लवकर, हात कोमट पाण्यानं धुऊन आणि तेल न लावता न्या.